आवाज वाढवू नका, बॉक्स हलवा

हे दृश्य महाड-पोलादपुरात कुठेही दिसेल. वर पत्रा, खाली गुळगुळीत लादी, चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती. स्टेजच्या दोन कोपऱ्यांत माणसाएवढे दोन बॉक्स. साहेब बोलायला लागले की मागून कुणीतरी ओरडतं, "आवाज वाढवा!" ऑपरेटर वाढवतो. पुढच्यांचे कान किटतात आणि मागच्यांना तरीही काही कळत नाही.

कारण मागे आवाज कमी पडत नसतोच. शब्द कळत नसतात.

बॉक्समधून निघालेला शब्द एकदा थेट कानावर येतो आणि मग पत्र्यावर, लादीवर, भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा येत राहतो. थेट येणारा शब्द अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने उतरतो. घुमणारा मात्र हॉलभर जवळपास सारखाच. म्हणजे मागच्या रांगेत घुमण्याचंच राज्य. व्हॉल्यूम वाढवला की दोन्ही सारखेच वाढतात, फरक शून्य! त्यात बॉक्स कोपऱ्यात ठेवला की बेस फुगतो आणि त, ठ, स ही बारीक अक्षरं त्याखाली दबतात. मग भरपाई सात हजार की साठ हजार, हे घरी जाताना एकमेकांना विचारायचं.

याला शंभर वर्षांपूर्वीच उत्तर मिळालंय. १८९५ मध्ये हार्वर्डला नवा व्याख्यान हॉल बांधला, त्यात शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सॅबाइन नावाच्या प्राध्यापकाने रात्री शेजारच्या थिएटरातल्या गाद्या आणून मोजमाप केलं. मऊ वस्तू आवाज पितात, किती पितात याचा हिशेब त्याने मांडला. आपल्याकडे समाजमंदिराच्या निधीत लादी बसते, गेट बसतं, नावाची ग्रॅनाइटची पाटी तर पहिली बसते. मागच्या भिंतीला जाड पडदा? तो कुणाच्याच डोक्यात येत नाही.

साउंडवाल्याला दोष देत नाही. त्याचा सेट हळदीसाठी, मिरवणुकीसाठी, उघड्या मैदानासाठी आहे. तोच आपण ग्रामसभेला बोलावतो.

करायचं काय? दोन मोठ्या बॉक्सऐवजी चार लहान कॉलम घ्या. दोन्ही बाजूंना, लोकांच्या जवळ, बसलेल्यांच्या डोक्याच्या थोडं वर, तोंड माणसांकडे. पत्र्याला भाषण ऐकवायचं नाहीये. कॉलम उभाच हवा. उभा असला की आवाज आडवा पसरतो, वर-खाली कमी जातो. आडवा ठेवला की उलटं होतं. बेस उतरवा. माईक कॉलमच्या मागे आणि तोंडापासून चार बोटांवर. हॉल लांबलचक असेल तर मागच्या जोडीला थोडा डिले लावायला सांगा, नाहीतर एकच शब्द दोनदा ऐकू येईल. आणि हो, दुपारी रिकाम्या हॉलमध्ये "हॅलो चेक" केलं म्हणजे झालं असं नाही. माणसंही आवाज पितात, त्यामुळे भरल्या हॉलचं गणित वेगळं असतं.

याच महाड तालुक्यात रायगडावर २२० फूट लांबीची राजसभा आहे. नगारखान्याजवळ हळू बोललेलं सिंहासनापाशी ऐकू येतं, हे गडावरचे वाटाडे आजही करून दाखवतात.

एवढ्या बारीक गोष्टीवर पोस्ट कशाला, असं वाटेल. जुलै २०२१ मध्ये तळिये, केवनाळे, साखर-सुतारवाडीत काय झालं ते आपल्याला माहीत आहे. दरडीच्या गावांत पावसाळ्याआधी बैठक झाली की वाडी कधी सोडायची, कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, हे याच माईकवरून सांगतात. आणि बायका, म्हातारी माणसं बसतात कुठे? मागे, दाराजवळ. घुमतं तिथेच. पाऊस सुरू झाला तर वर पत्रा वाजतो तो वेगळाच.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला सरपंचांनी नाहीतर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आधी पाच मिनिटं शेवटच्या रांगेत बसावं. पुढून कुणालातरी दहा आकडे वाचायला लावावेत, आपण ते कागदावर लिहावेत आणि किती बरोबर आले ते सभेतच सांगावं.