वेगवान, पण अबोल : १९९४च्या तीन स्टेशन वॅगन

#थ्रेड

१/ साल १९९४. युरोपातील एका कुटुंबाला एकच मोटार घ्यायची आहे. तिच्यात मुले, कुत्रा आणि सुटीचे सामान मावावे, वेग स्पोर्ट्स कारच्या जवळपास जावा आणि शेजाऱ्यांना त्याचा सुगावाही लागू नये. अशा कुटुंबाने कोणती गाडी निवडावी? वरवर हा प्रश्न मोटारींचा आहे; पण इतिहास कोणाची आठवण जपतो, हेही त्यातूनच उलगडते.

२/ आधी नावाविषयी. ‘स्टेशन वॅगन’मधले स्टेशन म्हणजे रेल्वे स्टेशनच. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत स्थानकावर उतरलेले प्रवासी आणि त्यांच्या ट्रंका वाहून नेणाऱ्या लाकडी सांगाड्याच्या गाड्या होत्या; त्यांच्यावरून हे नाव रूढ झाले. या वाहनाचा जन्मच ओझे वाहण्यासाठी झाला.

३/ पहिला पर्याय : ऑडी आरएस२ अवांत. ऑडी ८० या कौटुंबिक गाडीवर आधारलेली, पण पोर्शेच्या सहकार्याने घडवलेली आणि पोर्शेच्याच कारखान्यात जोडलेली. २.२ लिटरचे पाच सिलिंडरचे टर्बो इंजिन, ३१५ अश्वशक्ती, ताशी सुमारे २६० किमी वेग. एकूण सुमारे २,९०० गाड्या बनल्या.

४/ दुसरा पर्याय : बीएमडब्ल्यू एम५ टुरिंग. ३.८ लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, ३४० अश्वशक्ती. या पिढीच्या फक्त ८९१ टुरिंग बनल्या.

५/ तिसरा पर्याय : व्हॉल्वो ८५० टी-५ इस्टेट. २.३ लिटरचे पाच सिलिंडरचे टर्बो इंजिन, सुमारे २२५ अश्वशक्ती आणि एखाद्या पेटाऱ्यासारखा चौकोनी आकार. ब्रिटनमधील पोलीस दलांनीही ही गाडी वापरली.

६/ त्याच वर्षी व्हॉल्वोने टीडब्ल्यूआर या संघासह ८५० इस्टेट थेट ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत उतरवली. चालक होते रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स. जेतेपद दूरच राहिले; पण सामान वाहणारी गाडी शर्यतीत धावताना पाहून प्रेक्षक हरखले. १९९५ साली नियम बदलले, हवेचा दाब साधणाऱ्या पंखांना मुभा मिळाली आणि व्हॉल्वोने इस्टेट सोडून सेदान उतरवली.

७/ आकड्यांच्या कसोटीवर व्हॉल्वो तिसरी ठरते. शिवाय तिची सारी ताकद पुढच्याच चाकांवर येते, ही उणीव नाकारता येत नाही. तरीही त्या कुटुंबाची योग्य निवड तीच. आरएस२च्या ब्रेकवर पोर्शेचे नाव ठळक दिसते. तिला गप्प राहणे जमत नाही. एम५ टुरिंग खरोखर संयत आहे. पण इतकी दुर्मीळ, की ती ओळखणे हाच जाणकारांचा मान ठरतो. निवडकांनाच कळावे म्हणून दडवलेली गोष्ट हेही एक मिरवणेच.

८/ अबोलपणाला गर्दी लागते. ८५० या मालिकेच्या लाखो गाड्या रस्त्यावर होत्या. त्यांच्यात टी-५ सहज विरून जाई. १९९५ची टी-५आर मात्र पिवळ्या रंगातही आली आणि तो आब तिथेच ढळला. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मोटारींनाही लागू पडते.

९/ खरी अडचण पुढे आहे. दुर्मीळ गाड्या संग्राहक जपतात. साधी टी-५ मात्र मुलांना शाळेत सोडत, फर्निचर वाहत झिजते आणि अखेर भंगारात जाते. पुण्यात टेल्कोने घडवलेली १९९२ची टाटा इस्टेटही आज क्वचितच दिसते. ती वेगवान नव्हती. पण विस्मृतीची वाट तीच.

१०/ राजमुकुट संग्रहालयात पोहोचतो, नांगर नाही. म्हणून नांगराचा इतिहास लिहिणे अवघड होते. विसाव्या शतकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही चूक पुन्हा करू नये. शेजाऱ्याच्या अंगणात एखादी जुनी, चौकोनी, धुळीने माखलेली वॅगन उभी असेल, तर तिचे छायाचित्र घ्यावे, कागदपत्रे जपावीत, मालकाला चार प्रश्न विचारावेत. जे मिरवत नाही, त्याची नोंद दुसऱ्या कोणीतरी ठेवावी लागते.

(समाप्त)