शब्द फक्त दुबळ्यानेच पाळायचा काय?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या एका शाळकरी मुलाला २०१३ साली मिशिगन विद्यापीठाने फुटबॉलची शिष्यवृत्ती देऊ केली. मुलाने ती स्वीकारली व तसे जाहीरही केले. पुढची दोन वर्षे तो या विद्यापीठाचा भावी खेळाडू म्हणूनच ओळखला गेला. मधल्या काळात विद्यापीठाने प्रशिक्षक बदलला. २०१६ च्या जानेवारीत, कागदावर सही करण्याचा दिवस काही आठवड्यांवर येऊन ठेपला असताना, आता तुझ्यासाठी जागा नाही असे त्याला सांगण्यात आले. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या जानेवारीत, कनेक्टिकट विद्यापीठात हेच घडले. तेथेही नवा प्रशिक्षक आला आणि न्यू जर्सीच्या एका मुलाला आदल्या उन्हाळ्यात दिलेला शब्द परत घेण्यात आला. ही दोन्ही विद्यापीठे सरकारी आहेत. आणि दोन्ही ठिकाणी कोणत्याही नियमाचा भंग झाला नाही. विचार करावयास लावणारी गोष्ट आहे ती हीच.

आमच्या वाचकांपैकी कोणी विचारील, आपल्या दाराशी प्रश्नांचा डोंगर उभा असताना सातासमुद्रापलीकडच्या चेंडूच्या खेळाची उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. पण भांडवलशाही आपले खरे रूप जेथे सर्वांत सुसंस्कृत वेषात लपविते, तेथेच ते न्याहाळणे अधिक बोधप्रद असते. येथे मालक म्हणजे विद्यापीठ आहे, मजुराला विद्यार्थी म्हटले जाते आणि मजुरीला शिष्यवृत्ती. वेष एवढा पवित्र की शोषणाचा संशयही येऊ नये!

तोंडी व्यवहाराचे तंत्र

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळला जातो तो नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगावर अंग आदळून केलेली झुंज असा हा खेळ आहे. मोठ्या विद्यापीठांचे सामने ऐंशी ऐंशी हजार, लाख लाख प्रेक्षक पाहतात आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांतून अब्जावधी डॉलरची उलाढाल होते. या व्यवसायाला लागणारा कच्चा माल म्हणजे सोळा-सतरा वर्षांची मुले. त्यांतील फार मोठा हिस्सा कृष्णवर्णीय, आणि कित्येक अशा घरांतील की ज्यांना विद्यापीठाची फी परवडणे स्वप्नातही शक्य नाही.

या मुलांना शिष्यवृत्तीचा प्रस्ताव नववी-दहावीपासूनच येऊ लागतो. पण तो असतो तोंडी. शाळेच्या अखेरच्या वर्षीचा १ ऑगस्ट उजाडेपर्यंत विद्यापीठाने लेखी प्रस्ताव देऊ नये, असा नियम महाविद्यालयीन क्रीडेचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेनेच केलेला आहे. मुलाने होकार दिला तर त्यालाही 'तोंडी वचन' म्हणतात, आणि ते कोणावरही बंधनकारक नसते. प्रत्यक्ष सही होते ती डिसेंबरात किंवा फेब्रुवारीत.

वरवर पाहता हा समानतेचा व्यवहार वाटतो. मुलगाही मोकळा, विद्यापीठही मोकळे! पण ही समानता कागदावरची आहे. वर्षाला साधारण पंचवीस नव्या मुलांची भरती करणारे विद्यापीठ त्याच्या कितीतरी पट मुलांना प्रस्ताव देऊन ठेवते. यांपैकी काही प्रस्ताव असे असतात की मुलाने हो म्हणताच 'अजून थांब' असे उत्तर येते. एक मुलगा गळाला तर त्याच्यामागे दहा उभे असतात. मुलाची स्थिती नेमकी उलट आहे. त्याला शाळेचे शेवटचे वर्ष एकदाच मिळते. एका विद्यापीठाला होकार दिला की इतर विद्यापीठे आपल्या जागा दुसऱ्यांना देऊन मोकळी होतात. जानेवारीत नकार आला, तर त्याने कोणाचे दार ठोठवावे? मुंबईच्या गिरण्या जोरात चालत होत्या तेव्हा बदली कामगार रोज सकाळी फाटकाशी उभा राहत असे. त्याने हजर राहायचेच, काम मात्र मालकाला गरज पडली तर. ते फाटक येथे दोन दोन वर्षे लांबविलेले आहे, एवढाच फरक.

सही झाली की तरी मुलगा सुरक्षित होत असे काय? १९६४ पासून चालत आलेल्या 'राष्ट्रीय इरादापत्रा'ची तऱ्हा पाहण्यासारखी होती. त्यावर सही करून मुलगा दुसरीकडे गेला तर खेळण्याच्या हक्काचे एक वर्ष तो गमावीत असे. तू सही केलीस ती संस्थेशी, प्रशिक्षकाशी नव्हे, असेही त्यात बजावलेले असे. म्हणजे ज्याच्या भरवशावर मुलगा आला तो प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी अधिक पगारावर निघून गेला तरी मुलगा जागचा हलू शकत नसे. उलट, २०१० साली लुइझियाना राज्य विद्यापीठात सही केलेल्या, वसतिगृहात सामान लावलेल्या एका मुलाला जागा भरल्या आहेत, जानेवारीपर्यंत थांब, असे ऑगस्टमध्ये सांगण्यात आले. त्याआधी २००९ साली मिसिसिपी विद्यापीठाने एका हंगामात ३७ मुलांच्या सह्या घेतल्या होत्या. त्यावर ओरड झाली तेव्हा तेथील विद्यापीठसंघाने मर्यादा घातली. ते इरादापत्र २०२४ च्या ऑक्टोबरात रद्द झाले आणि आर्थिक साहाय्याचे करार त्याच्या जागी आले; पण सहीपूर्वीच्या तोंडी शब्दाला त्यामुळे काहीच बळ लाभलेले नाही.

नावात काय आहे? सर्व काही आहे

हे सारे खपवून घेतले जाते ते एका शब्दाच्या जोरावर. तो शब्द म्हणजे 'विद्यार्थी-खेळाडू'. एनसीएएचे १९५१ ते १९८७ पर्यंतचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांच्या कारकिर्दीत, १९५० च्या दशकात, तो रूढ करण्यात आला. आणि त्याचा हेतू शैक्षणिक नव्हता. जखमी खेळाडूंना कामगार नुकसानभरपाईचा कायदा लागू होईल, ही त्यामागची भीती होती. कोलोरॅडोतील एका महाविद्यालयाचा खेळाडू १९५५ साली सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे कारण देऊन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली तिचा दावा फेटाळला. पुढे १९७३ साली चार वर्षांची शिष्यवृत्ती एका वर्षाची करण्यात आली व दरसालचे नूतनीकरण प्रशिक्षकाच्या मर्जीवर गेले. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्यास पुन्हा परवानगी मिळाली ती २०१२ साली. खुद्द बायर्स यांनीच निवृत्तीनंतर, १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या व्यवस्थेवर कडक टीका केली. परंतु तोवर शब्दाने आपले काम चोख बजावले होते.

आम्हांला ही चाल अनोळखी नाही. गावोगाव राबणाऱ्या आशा भगिनींना 'स्वयंसेविका' म्हटले की वेतनाऐवजी मानधनावर भागते. रात्री-अपरात्री घरपोच डबे नेणाऱ्या पोरांना 'भागीदार' म्हटले की कंपनी मालक उरत नाही. श्रमिकाचे नाव बदलून त्याचा हक्क काढून घेण्याची ही युक्ती सर्वत्र एकच आहे.

या व्यवस्थेत लेखी कराराचे महत्त्व कोणाला कळत नाही असे समजू नये. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला काढले, तेव्हा करारानुसार त्याला साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे विद्यापीठाला भाग पडले. प्रशिक्षकाचा शब्द लेखी, त्याची किंमत कोटींत. मुलाचा शब्द तोंडी, त्याची किंमत शून्य! एकाच मैदानावरील दोन माणसांसाठी ही दोन न्यायशास्त्रे कशी?

मुलेही शब्द मोडतात, त्याचे काय?

हा आक्षेप हमखास घेतला जातो, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. अनेक मुले एका विद्यापीठाला होकार देऊन सहीच्या दिवशी दुसरीकडे जातात. प्रशिक्षकाची नोकरीही जयपराजयावर टांगलेली असते, हेही खरे. आणि अखेरच्या हंगामात जखमी झालेल्या मुलाला दिलेला शब्द काही विद्यापीठे पाळतात, याचीही नोंद केली पाहिजे. पण दोन वचनभंग सारखे केव्हा ठरतात? परिणाम सारखे असतील तेव्हा. मुलगा गेला तर विद्यापीठाची एक जागा रिकामी होते आणि संध्याकाळपर्यंत ती भरते. विद्यापीठ फिरले तर मुलाचे शिक्षणच धोक्यात येते. शिवाय मुलगा सतरा वर्षांचा, आणि समोर बसलेला प्रौढ माणूस विद्यापीठाच्या नावाने बोलत असतो. म्हणून हा प्रश्न कोण्या एका प्रशिक्षकाच्या दुष्टपणाचा नाही. चांगला माणूसही या खुर्चीत बसला तर हेच करील, अशी ही रचना आहे.

पैसा आला, शब्द आला काय?

आता काळ बदलला, असे सांगण्यात येते. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर व छबीवर जाहिरातीचे पैसे मिळविता येतात. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीने, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम प्रत्येक सहभागी विद्यापीठ आपल्या खेळाडूंना थेट वाटू शकते. हा खेळाडूंच्या न्यायालयीन लढ्याचा मोठा विजय आहे, यात शंका नाही.

पण त्याच तडजोडीचे दुसरे कलम पाहा. फुटबॉलमध्ये पूर्वी ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती; एकूण खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा नव्हती. आता एकूण खेळाडूच १०५ ठरले. मंजुरी मिळण्यापूर्वीच विद्यापीठांनी निरनिराळ्या खेळांतील खेळाडू कमी करण्यास सुरुवात केली. त्यांत संघात येण्याचे आश्वासन मिळालेली शाळकरी मुलेही होती. त्यांच्या तक्रारी ऐकून न्यायाधीशांनी २०२५ च्या एप्रिलमध्ये मंजुरी रोखून धरली. अखेर अशा खेळाडूंना मर्यादेतून सूट देण्यात आली. मात्र त्यांना परत घेण्याचे बंधन विद्यापीठांवर घातले गेले नाही! सूट मिळाली ती विद्यापीठांना. मुले पुन्हा फाटकाबाहेर, कोणाच्या तरी मर्जीची वाट पाहत. खेळाडूंना विद्यापीठ बदलण्याची मोकळीक मिळाल्यापासून प्रशिक्षक कसलेल्या, वयाने मोठ्या खेळाडूंकडे वळले आहेत, त्यामुळे शाळकरी मुलाच्या तोंडी जागेची शाश्वती आणखीच घटली आहे.

यातून मार्ग कोणता? प्रशिक्षकांच्या सदसद्विवेकाला आवाहन करून काही साधणार नाही. प्रस्ताव द्यायचा तो पहिल्या दिवसापासून लेखी असावा आणि जागा असतील तेवढेच प्रस्ताव द्यावेत. मुलाने तो ठराविक मुदतीत स्वीकारला की शिक्षणाचा खर्च विद्यापीठावर बंधनकारक व्हावा; मग त्याला संघात खेळवायचे की नाही हे प्रशिक्षकाने ठरवावे. प्रशिक्षक गेला तर मुलालाही जाण्याची मुभा असावी. या मागण्यांत अवास्तव असे काहीच नाही.

पण हे मिळविणार कोण? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंनी २०१४ साली युनियन स्थापण्याचा प्रयत्न केला. ते कामगार आहेत, असा निर्णय श्रम मंडळाच्या प्रादेशिक संचालकाने दिला, मतदानही झाले. २०१५ च्या ऑगस्टमध्ये वरिष्ठ मंडळाने प्रकरणात हात घालण्यासच नकार दिला आणि ती मते कधी मोजलीच गेली नाहीत. २०२४ च्या मार्चमध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी १३ विरुद्ध २ मतांनी युनियनचा कौल दिला. वर्षअखेरीस तोही अर्ज मागे घ्यावा लागला. दोन्ही प्रयत्न फसले, पण दिशा त्यांचीच बरोबर होती. न्यायालये पैसा मिळवून देऊ शकतात, हे २०२५ ने दाखविले. दिलेला शब्द पाळावयास लावण्याची ताकद मात्र संघटनेखेरीज कोठून येणार नाही, आणि ती संघटना उभी राहील तेव्हा तिच्या मागणीपत्रात पहिले कलम अजून सही न झालेल्या त्या सतरा वर्षांच्या मुलाचे असले पाहिजे. कारण आत शिरलेल्यांनी फाटकाबाहेरच्यांना विसरावे, यासारखे मालकाच्या सोयीचे दुसरे काही नसते.