उसन्या उपग्रहावरचा विज्ञानाचा तास

वाचकहो, टी.व्ही. म्हणजे पोरांचा अभ्यास बुडवणारी पेटी, अशी आपल्या माताभगिनींची तक्रार असते. पण दिल्लीत १९५९ साली टी.व्ही. सुरू झाला आणि दोनच वर्षांत, १९६१ मध्ये, त्यावर शाळांसाठी पाठ दाखवणे सुरू झाले होते.

मोठा प्रयोग झाला तो १९७५ साली. त्याचे नाव 'साइट'. अमेरिकेच्या नासा संस्थेने आपला ए.टी.एस.-६ हा उपग्रह भारताला वर्षभर वापरायला दिला. १ ऑगस्ट १९७५ पासून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम थेट आकाशातून उतरू लागले. खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची छत्री, आणि खाली टी.व्ही. संच. तो पाटलाच्या वाड्यात नव्हे, तर शाळेसारख्या सार्वजनिक जागी! मला यातले सर्वांत मोलाचे हेच वाटते. संच कोणाच्या मालकीचा नसला की उंबऱ्याबाहेर बसण्याची पाळी येत नाही.

रोज सकाळी दीड तास मुलांसाठी असे. त्यातले विज्ञानाचे कार्यक्रम आपल्या मुंबईत बनत. प्रयोगाचे व्यवस्थापक एकनाथ चिटणीस जन्माने कोल्हापूरचे. मात्र त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता! आणि वर्ष संपताच, जुलै १९७६ अखेर, तो उसना उपग्रह परत गेला.

१९८३ मध्ये आपला इन्सॅट-१बी आला. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले, पण बहुतेक इंग्रजीत. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत संच एकाच घरी. आम्ही पोरे दारात दाटीने बसायचो. चित्र दिसे, बोलणे डोक्यावरून जाई. शेजारची मावशी म्हणायची, "अरे, कळत नाही तर बघता कशाला?"

मराठी पोरांना मराठीत सांगण्याचे काम पुण्याच्या बालचित्रवाणीने केले. १९८४ साली निघालेली ही सरकारी संस्था. पुढे केंद्राचा पैसा आटला, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने तिला कुलूप लावले. फारसा कोणी आवाज उठवला नाही, आपणही नाही.

तीनच वर्षांत टाळेबंदी आली, शाळा मिटल्या. ज्या घरात मोबाईल एकच आणि तोही बाप कामावर नेतो, तिथे टी.व्ही.चाच आधार उरला. तेव्हा, जुलै २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. ती एम.के.सी.एल.च्या प्रतिष्ठानाने बनवली होती. ज्या सरकारी संस्थेचे हे काम, ती बंद पडून तीन वर्षे झाली होती.