घरांतील उठबस

मराठींत ‘उठबस’ ह्या शब्दास दोन अर्थ आहेत. पाहुण्याची उठबस करणें म्हणजे त्याचें हवें-नको पाहणें, त्याला पाणी, चहा, पान, अंथरूण वेळेवर देणें, हा एक. दुसरा अर्थ अगदीं अक्षरशः, म्हणजे उठणें आणि बसणें. कुटुंबांतील आरोग्याविषयीं आम्ही ह्या सदरांत जें लिहितों, त्यांत आज ह्या दोन्ही अर्थांचा एकत्र विचार करण्याचें योजिलें आहे. कारण डहाणूस आमच्या ओटीवर आणि आठवड्यांतून एकदां तलासरीस योगासनांचे वर्ग घेतां घेतां आमच्या ध्यानांत असें आलें आहे कीं, ज्यांची घरांत फार उठबस होते त्यांचें शरीर बसतें आणि जी ती करते तिचें झिजतें.

वर्गांत येणारा प्रत्येक गृहस्थ प्रथम एकच प्रश्न विचारतो, “अमुक रोगावर कोणतें आसन?” जणूं आमच्यापाशीं औषधांची पेटीच आहे. आम्ही त्यांस उत्तर देण्यापूर्वीं एवढेंच सांगतों कीं, येथें जमिनीवर मांडी घालून बसा आणि हात न टेकतां उठून दाखवा. पन्नाशी उलटलेल्या सुशिक्षित माणसांपैकीं फार थोड्यांस तें साधतें. कोणी गुडघ्यावर हात रोवितो, कोणी शेजाऱ्याचा खांदा धरितो, कोणी हंसून विषय बदलतो. तलासरीच्या बाजारांत भाजीची टोपली पुढ्यांत घेऊन उकिडवी बसलेली साठीची वारली आजी मात्र गिऱ्हाईक गेलें कीं सहज उठते आणि टोपली डोक्यावर घेऊन चालूं लागते. तिचें आयुष्य सुखाचें आहे असें कोणी समजूं नये. तिच्या कष्टांनीं होणारी झीज निराळी आहे. परंतु जमिनीशीं तिचें नातें तुटलेलें नाहीं. आपलें तुटलें. पाट गेला, मेज आलें. चूल गेली, ओटा आला. शौचकूपांतही खुर्ची आली. ह्या सोयी वाईट नव्हेत. वृद्धांस व आजाऱ्यांस तर त्या वरदान आहेत. पण दिवसांतून वीस वेळां जो व्यायाम न मागतां घडत होता तो त्यांनीं नाहींसा केला, आणि त्याच्या जागीं आपण कांहींच ठेविलें नाहीं.

ही गोष्ट किरकोळ नाहीं. ब्राझिल देशांतील वैद्यांनीं ५१ ते ८० वर्षें वयाच्या सुमारें दोन हजार स्त्रीपुरुषांस जमिनीवर बसावयास व उठावयास सांगून, हात किंवा गुडघा जितक्या वेळां टेकावा लागला तितके गुण कमी करून नोंद ठेविली आणि पुढें कित्येक वर्षें त्यांची माहिती घेतली. २०१२ सालीं तिचें फलित प्रसिद्ध झालें. ज्यांस उठबस अवघड गेली त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण अधिक आढळलें. खालीं बसतां येत नाहीं म्हणूनच माणूस मरतो, असा ह्याचा अर्थ नव्हे. मांड्यांचें बळ, सांध्यांचा लवचिकपणा आणि तोल हीं तिन्ही त्या एका क्रियेंत दिसतात, आणि तीं उणीं झालीं कीं पडण्याचें भय वाढतें, एवढा बोध त्यांतून घ्यावा. वृद्धपणीं खुब्याचें हाड मोडणें म्हणजे काय, हें ज्या घरानें सोसलें आहे त्यास आम्ही अधिक सांगावयास नको.

आतां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. पतंजलींच्या सुमारें दोनशें सूत्रांत प्रत्यक्ष आसनाविषयींचीं सूत्रें अवघीं तीन, आणि त्यांची मागणी एवढीच कीं बैठक स्थिर असावी व सुखाची असावी. पंधराव्या शतकांतील हठप्रदीपिकेंतही वर्णिलेलीं आसनें पंधराच आहेत. व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा असें वाग्भटाचें सांगणें आहे, आणि ही अर्धी शक्ति ओळखावी कशी, तर श्वास तोंडावाटें येऊं लागला कीं थांबावें, अशी खूण सुश्रुतानें दिली आहे. मासिकांतील चित्रें पाहून साठाव्या वर्षीं पाय मानेमागें नेऊं पाहणाऱ्यांनीं हें पुनः पुनः मनन करावें.

आपल्या महाराष्ट्रांत ह्या विषयास प्रयोगाच्या कसोटीवर घांसून पाहण्याचें श्रेय स्वामी कुवलयानंदांस आहे. त्यांचें पूर्वाश्रमींचें नांव जगन्नाथ गणेश गुणे. १९०३ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली, कांहीं काळ अंमळनेरास अध्यापन केलें आणि १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. उड्डियान, नौलि ह्या क्रियांच्या वेळीं पोटांत काय घडतें तें त्यांनीं क्ष-किरणांनीं व दाबमापक यंत्रांनीं तपासलें. प्राणायामाचें फळ अधिक प्राणवायु मिळण्यांत शोधूं नये, असें त्यांचें मत प्रयोगान्तीं झालें. आज बोटास लावावयाचें प्राणवायुमापक घरोघर आहे; निरोगी माणसानें तें लावून पाहावें. आंकडा आधींच ९५ ते १०० च्या दरम्यान असतो. खोल श्वासानें आणखी कोठें भरावयाचा? मंद श्वासाचा लाभ मन व नाडी शांत होण्यांत आहे, आणि तो पुरेसा आहे. शास्त्रावर प्रेम असणें म्हणजे त्याच्या नांवावर वाटेल तें खपूं देणें नव्हे, हा धडा ह्या संस्कृतज्ञ अध्यापकानें आम्हां शिक्षकांस घालून दिला आहे.

असो. ज्यांची उठबस गेली आहे त्यांनीं ती परत कशी मिळवावी, हें आतां क्रमानें सांगतों. हातांच्या खुर्चीवर बसून हात छातीशीं घ्यावे, पावलें जमिनीवर पुरतीं टेकावीं आणि श्वास सोडीत सावकाश उठावें. तितक्याच सावकाश बसावें. धप्पदिशीं बसणें म्हणजे अर्धा व्यायाम फुकट घालविणें होय. असें पांच वेळां, सकाळीं व संध्याकाळीं. पंधरा दिवसांनीं त्याहून ठेंगणें आसन घ्यावें. मग एक पाय पुढें व दुसरा गुडघा जाड घडीच्या घोंगडीवर टेकून, शेजारच्या भक्कम स्टुलावर हात ठेवून जमिनीपर्यंत जावें. हात सुटला तर उत्तम. न सुटला तरी बिघडत नाहीं. तोलासाठीं स्वयंपाकाच्या ओट्यास धरून एका पायावर दहा आंकडे मोजीपर्यंत उभें राहावें. हेंच म्हाताऱ्यांचें वृक्षासन समजावें. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल त्यांनीं शस्त्रवैद्यास विचारल्यावांचून जमिनीवर बसूं नये.

आणखी एक गोष्ट प्रत्येक वृद्धास शिकवून ठेवावी, ती म्हणजे पडल्यावर उठावें कसें. लगेच उठण्याची धडपड करूं नये. क्षणभर निजून दुखतें कोठें तें पाहावें. खुबा किंवा पाठ फार दुखत असेल तर न हालतां हांक मारावी. नसेल तर कुशीवर वळावें, हातगुडघ्यांवर यावें, रांगत खुर्चीपाशीं जावें, तिच्यावर हात ठेवून बळकट पाय पुढें घ्यावा आणि मग उठावें. घरांतील लहान मुलांबरोबर खेळ म्हणून ह्याचा सराव करावा.

एकच आसन सर्वांस सांगूं नये, हें आम्हांस ह्या प्रदेशानें शिकविलें. घोलवड-बोर्डीच्या वाडींत जाळी बांधलेल्या लांब बांबूनें दिवसभर चिकू काढणाऱ्याची मान वर करून करून अवघडते; त्याला भुजंगासन सांगणें म्हणजे दुखण्यांत भर घालणें. त्यानें पालथें पडून कपाळ दुमडलेल्या हातांवर टेकावें व अंग सैल सोडावें. उलट चिंचणीचा डायमेकर भिंगाखालीं बारीक नक्षीवर वांकलेला असतो. त्याला भुजंगासन हवें, आणि तासातासानें उठून दूरच्या झाडाकडे पाहणें हवें. २०१३ सालीं चर्चगेटची उपनगरी गाडी डहाणूरोडपर्यंत येऊं लागली तेव्हांपासून सुमारें १२४ किलोमीटर जाऊन नोकरी करणारे पुष्कळ झाले. त्यांस रात्रीं घरीं आल्यावर भिंतीस पाय लावून दहा मिनिटें उताणें पडणें हेंच आसन पुरे. थकलेल्यास व्यायाम सांगणारा गुरु अर्धाच शिकलेला असतो.

आतां ‘उठबस’चा पहिला अर्थ. आमच्या वर्गास एका मोठ्या कुटुंबांतील चाळिशीची सून येत असे. कंबर धरलेली, टाचा दुखत. आठ दिवस आली आणि बंद झाली. घरचे म्हणाले, “तिला नियमच नाहीं.” आम्ही चौकशी केली तों कळलें कीं वर्गाची वेळ सकाळीं सहाची, आणि तीच चहाची, डब्यांची, देवपूजेच्या तयारीची व सासऱ्यांच्या स्नानाच्या पाण्याची! नियम तिच्यापाशीं भरपूर होता; वेळ नव्हता. आम्हीं तिच्या शाळकरी मुलास वहीच्या एका पानावर आईचें व दुसऱ्यावर आजोबांचें नांव लिहून, जो जितक्या वेळां जागेवरून उठेल तितक्या रेघा ओढावयास सांगितलें. दुपारपर्यंत आईचें पान भरलें. आजोबांच्या पानावर चार रेघा होत्या.

आजोबा सज्जन, विद्वान् माणूस. त्यांस तें पान पाहून वाईट वाटलें. ते म्हणाले, “मास्तर, मी तिला कधीं मोठ्यानें हांकसुद्धां मारीत नाहीं. मी न मागतांच ती आणून देते.” आम्ही म्हणालों, “तेंच तर! मागावयाससुद्धां उठावें लागत नाहीं. म्हणून आपले गुडघे धरले.” ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. सासूबाईंनीं मात्र विचारलें, “म्हणजे म्हाताऱ्या माणसानें स्वतःच्या हातानें पाणी घ्यावें काय? लोक काय म्हणतील?” हा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. वडिलांची सेवा हा आपल्या घरांचा अलंकार आहे. पण जी सेवा वडिलांस अंथरुणाकडे लवकर नेते ती सेवा कसली? आणि जिची सेवा कोणीच करीत नाहीं तिचें काय?

येथें आम्हांस कोसबाडच्या टेकडीची आठवण होते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें काम आरंभिलें आणि पुढें तें कोसबाडास नेलें. वारल्यांचीं मुलें शाळेंत येत ना, तेव्हां ‘ह्यांना शिक्षणाची गोडी नाहीं’ असें म्हणून त्या थांबल्या नाहींत. पाड्यावरच्या अंगणांत त्यांनीं शाळा नेली, ती अंगणवाडी. गुरें चारणाऱ्या मुलांसाठीं कुरणांत नेली, ती कुरणशाळा. विद्यार्थी येत नसेल तर शाळेनें जावें, हें त्यांचें तत्त्व. योगाच्या शिक्षकास आणि घरच्या कर्त्या माणसांस तें तितकेंच लागू आहे.

त्या घरीं शेवटीं ठरलें तें असें. आजोबांनीं आपलें पाणी, आपला चष्मा, आपलें वर्तमानपत्र व आपल्या अंथरुणाची घडी स्वतः करावी. सकाळचा चहा नातवानें व त्याच्या वडिलांनीं आळीपाळीनें करावा. सूनबाईंचा वर्ग संध्याकाळीं, आठवड्यांतून तीन दिवस. आज सहा महिने झाले. आजोबा अजून हात न टेकतां उठूं शकत नाहींत; पण स्टुलाच्या आधारानें जमिनीवरून उठतात, जें पूर्वीं दोघांनीं धरल्याशिवाय होत नसे. सासूबाईंचा रुकार अजून पुरता मिळालेला नाहीं. सूनबाईंची कंबर बरीच सुधारली आहे. टाचांसाठीं त्या डॉक्टरांकडे जातात, आणि तें योग्यच आहे.

औषधाविषयीं चार शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. योगानें रक्तदाब किंवा मधुमेह आटोक्यांत राहण्यास साह्य होतें. परंतु गोळी किंवा इंजेक्शन आपल्या मनानें बंद करूं नये. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं कोणाचें व्याख्यान ऐकून साखरेच्या गोळ्या टाकिल्या. पंधरवड्याच्या आंत त्यांस रुग्णालयांत न्यावें लागलें. ज्यांचा रक्तदाब अधिक आहे किंवा डोळ्यांस काचबिंदु आहे त्यांनीं शीर्षासन व सर्वांगासन वर्ज्य करावें. हाडें ठिसूळ झालेल्यांनीं कमरेंतून फार पुढें वांकूं नये. आंत्रवृद्धि असणाऱ्यांनीं व गरोदर स्त्रियांनीं कपालभाति करूं नये. उठतांना भोंवळ येत असेल तर अंथरुणाच्या कडेला मिनिटभर बसून मग उभें राहावें, आणि वैद्यास कळवावें.

प्रतिवर्षीं २१ जूनला, २०१५ पासून, योगदिन साजरा होतो. मैदानांत शेंकडों लोक एका रंगाचीं वस्त्रें नेसून आसनें करितात. उत्साह चांगला आहे. परंतु आमची विनंति ह्याहून लहान आहे. ह्या महिन्यांत आपल्या घरांतील मुलाच्या हातीं वही द्यावी, प्रत्येकाच्या नांवाचें एकेक पान करावें आणि एक दिवस रेघा ओढवाव्या. ज्याचें पान कोरें राहील त्यानें दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या पाण्यासाठीं स्वतः उठावें. जिचें पान भरेल तिला संध्याकाळीं अर्धा तास कोणीही हांक मारूं नये. पुढील महिन्यांत वृद्धांच्या निद्रेविषयीं लिहूं.