पाळणे म्हणजे काय?

विद्यार्थी मित्रांनो, मराठी शिकताना एक गोष्ट कदाचित तुमच्या लक्षात आली असेल. उर्दूत जनावर 'पालना' म्हणतात आणि दिलेला वादा 'निभाना' म्हणतात. दोन कामांसाठी दोन क्रियापदे आहेत. मराठीत मात्र या दोन्ही कामांसाठी एकच क्रियापद आहे. मराठी माणूस गाय पाळतो आणि दिलेला शब्दही पाळतो.

हा योगायोग असेल. पण त्यातून एक चांगला विचार सुचतो. आपण एखादा प्राणी घरी आणतो, तेव्हा न बोलता त्याला एक वचनच देत असतो. 'तू आता आमचा आहेस, तुझ्या खाण्यापिण्याची काळजी आमच्यावर,' असे ते वचन असते. हे वचन किती दिवसांचे? प्राणी तरणा आणि कामाचा आहे तोपर्यंतचे, की त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण घोटीला जाऊ. नाशिक जिल्ह्यातील घोटी हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर, इगतपुरीजवळ आहे. भाताच्या गिरण्या आणि जनावरांचा बाजार यांसाठी ते ओळखले जाते. या भागात पाऊस धो धो कोसळतो. भाताच्या खाचरात गुडघाभर चिखल होतो. अशा पावसात आणि चिखलात काम करणारी डांगी जातीची जनावरे ही या मुलखाची खास देणगी आहे. डांगी जनावराची कातडी तेलकट असते, त्यामुळे पावसाचे पाणी अंगावर टिकत नाही. त्याचे खूरही टणक असतात.

बाजारात बैल घेणारा माणूस आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. दातांवरून वय कळते. दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेला, अशी बैलाच्या वयाची मोजणी असते. बैल साधारणपणे तीन-चार वर्षांचा झाला की औताला जुंपतात. पुढे आठ-दहा वर्षे तो नांगर ओढतो, चिखलणी करतो, गाडी ओढतो. पोळ्याच्या दिवशी त्याला अंघोळ घालतात, शिंगे रंगवतात, पुरणपोळीचा घास भरवतात. घरातली मुले त्याच्या गळ्यात पडतात. नंतर एक दिवस त्याचे पाय थकतात. चिखलात तो मागे पडू लागतो. तेव्हा त्याच बैलाला बाजाराची वाट दाखवली जाते. वर्षातून एक दिवस मान देणे सोपे आहे. पण थकलेल्या बैलाला रोज चार पेंढ्या टाकणे फार कठीण आहे.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, 'आमच्या घरी बैल नाही, शेतही नाही.' ठीक आहे. पण तुमच्या घरी मांजर असेल, कोंबड्या किंवा दुभती शेळी असेल. दारात राखण करणारा एखादा कुत्रा असेल. त्यांनाही म्हातारपण येते, आणि ते माणसापेक्षा फार लवकर येते. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो. घरात सांभाळलेले मांजर बारा ते पंधरा वर्षे जगते. म्हणजे तुम्ही पहिलीत असताना घरी आलेले पिल्लू तुम्ही दहावीला पोचता तेव्हा म्हातारे झालेले असते. तुमचे आयुष्य नुकते सुरू होत असते आणि त्याचे संपत आलेले असते.

म्हाताऱ्या प्राण्याची लक्षणे ओळखायला शिका. कुत्र्याच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात. डोळ्यांत मोतीबिंदू होऊन ते धुरकट दिसू लागतात. सांधे दुखतात, म्हणून तो उठताना वेळ लावतो. हाक मारली तरी येत नाही, कारण त्याला ऐकू येत नाही. मांजर अंग चाटून स्वच्छ ठेवण्याचे सोडते, पाणी जास्त पिऊ लागते, वाळत जाते. कधी नको तिथे घाण करते. आपण त्याला ओरडतो, 'हल्ली हे फार बिघडले आहे' असे म्हणतो. पण ते बिघडलेले नसते, आजारी असते.

उर्दूत अशा प्राण्यांना बेजबान म्हणतात. मराठीत त्यांना मुके जीव म्हणतात. म्हाताऱ्या माणसाला गुडघा दुखतो असे सांगता येते. मुलगा औषध आणत नसेल तर तो शेजाऱ्याजवळ तक्रारही करू शकतो. मुक्या जिवाला हे जमत नाही. म्हणून त्याच्या वतीने पाहण्याचे, ओळखण्याचे आणि बोलण्याचे काम आपल्याला करावे लागते.

आता दुसरी बाजूही पाहू. गरीब शेतकऱ्याने काय करावे? ज्याच्या घरी माणसांच्या जेवणाचीच काळजी, त्याने काम न करणाऱ्या बैलाला कुठून चारावे? हा प्रश्न खरा आहे. शहरात बसून शेतकऱ्याला दोष देणे योग्य नाही. त्याची अडचण एकट्याची नाही, ती सर्व गावाची आहे. गावाने मिळून चारा उभा केला, सरकारने मदत दिली, तरच हे ओझे हलके होईल. नाशिकला पांजरापोळ आहे, तसे आसरे ठिकठिकाणी हवेत. म्हाताऱ्या बैलाला हलके काम देता येते. देणे भागच असेल, तर ओळखीच्या आणि नीट सांभाळणाऱ्या घरी द्यावे.

पण मित्रांनो, गरिबीचे कारण प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही. म्हाताऱ्या मांजराला पोत्यात घालून दूरच्या बाजारात सोडून यायला गरिबी कारण नसते, कंटाळा कारण असतो. आजारी कुत्र्याला घाटात उतरवून गाडी पुढे नेणारा माणूस गरीब नसतो. ज्याच्याकडे गाडी आहे, त्याच्याकडे भाकरीचा तुकडा नक्कीच असतो. पाळलेल्या प्राण्याला उपाशीतापाशी मरायला सोडून देणे हा आपल्या देशात १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्या संविधानाच्या कलम ५१क मध्ये नागरिकांची कर्तव्ये दिली आहेत. सजीव प्राण्यांविषयी दया बाळगणे हे त्यांतील एक आहे.

कायद्याच्या आधीपासून धर्मानेही हेच शिकवले आहे. तुम्ही ऐकले असेल, एका बागेत एक उंट हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांना पाहून रडू लागला. पैगंबरांनी त्याच्यावरून मायेने हात फिरवला आणि त्याला शांत केले. मग त्यांनी मालकाला बोलावले. या जनावराच्या बाबतीत तू अल्लाहला भीत नाहीस का, असे त्यांनी त्याला विचारले. कारण तो उंटाला उपाशी ठेवून त्याच्याकडून अतोनात काम करून घेत होता. महाराष्ट्रात संत एकनाथांची गोष्ट सांगतात. रामेश्वराला वाहण्यासाठी त्यांनी दुरून गंगेचे पाणी आणले होते. वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले, तेव्हा त्यांनी ते पवित्र पाणी त्यालाच पाजले. दोन्ही गोष्टींतील प्राण्यांना बोलता येत नव्हते. त्यांचे दुःख न बोलताच ओळखले गेले.

म्हाताऱ्या प्राण्याचा मान कसा राखावा, याचे एक उदाहरण आपल्याच नाशिकमध्ये आहे. नाशिक शहर पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात स्पाइक नावाचा कुत्रा होता. अकरा वर्षे सेवा करून तो फेब्रुवारी २०२१ मध्ये निवृत्त झाला. पोलिसांनी गाडी फुलांनी सजवली आणि त्याला गाडीच्या पुढच्या भागावर बसवले. दोन्ही बाजूंना उभे राहून सर्वांनी टाळ्या वाजवल्या. स्पाइकला त्या टाळ्यांचा अर्थ कळला असेल किंवा नसेल. पण पाहणाऱ्यांना कळला. काम संपले म्हणून नाते संपत नाही, असा तो अर्थ होता.

तुमच्या घरच्या प्राण्यासाठी फुलांची गाडी नको. त्याला ओल नसलेली जागा द्या. घोटीसारख्या पावसाच्या गावात जमीन चार महिने गार असते, म्हणून जुने पोते किंवा गोधडी जाड घालून अंथरा. अन्न मऊ करून द्या. पाण्याचे भांडे जवळ ठेवा. दुखते म्हणून माणसाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासारखी ठरते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात थोड्या खर्चात उपचार होतात, तिथे न्या. आणि रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. याला एक पैसाही लागत नाही.

एवढे करूनही एक दिवस निरोप द्यावा लागतो. या बाबतीत मला मुलांपेक्षा मोठ्या माणसांना जास्त सांगायचे आहे. कित्येक घरांत प्राणी मेला की मुलांना खोटे सांगतात. 'ते गावाला गेले,' 'त्याला दुसऱ्यांना दिले,' असे म्हणतात. हेतू चांगला असतो, पण परिणाम वाईट होतो. मूल कित्येक दिवस वाट पाहत राहते. आपल्या सोबत्याने आपल्याला सोडले, असे त्याला वाटते. पुढे खरे कळले की ते घरच्यांवर विश्वास ठेवत नाही. मुलांना खरे सांगावे, साध्या शब्दांत सांगावे आणि त्यांना रडू द्यावे.

प्राण्याला असाध्य आजार झाला आणि तो फार तळमळत असला, तर काय करावे हे पशुवैद्यांना विचारून घरातील वडीलधाऱ्यांनी ठरवावे. घाई करू नये. पण केवळ आपल्याला सोडवत नाही म्हणून त्याच्या वेदनाही वाढवत राहू नयेत. आपले दुःख आणि त्याचे दुःख यांत त्याचे दुःख आधी पाहावे.

मुंबई पोलिसांचा जंजीर हा कुत्रा तुम्हांला ऐकून माहीत असेल. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्याने दडवलेली स्फोटके शोधून काढली आणि असंख्य माणसांचे प्राण वाचवले. त्या माणसांची नावे, जात, धर्म त्याला माहीत नव्हते. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो वारला. पोलिसांनी त्याला फुले वाहिली आणि इतमामाने पुरले. गणवेशातील मोठे अधिकारी एका कुत्र्यासमोर मान झुकवून उभे राहिले, यात त्यांचा कमीपणा झाला नाही, उलट मान वाढला.

तुमचा प्राणी गेला तर त्यालाही नीट निरोप द्या. विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, खोल खड्डा करून पुरा. कचऱ्यात टाकू नका. 'एका मांजरासाठी काय रडतोस?' असे कोणी म्हणाले तर लाजू नका. ज्याला मुक्या जिवासाठी रडू येते, तो माणसाचे दुःखही ओळखू शकतो. घरातील आजीआजोबांचे म्हातारपण सांभाळण्याचा पहिला धडा कित्येक मुलांना असाच मिळतो.

म्हणून प्राणी घरी आणण्यापूर्वी नीट विचार करा. पिल्लू सर्वांनाच आवडते. ते म्हातारे झाल्यावरही तुम्हांला आवडेल काय, हे आधी स्वतःला विचारा. उत्तर 'नाही' असेल, तर आणू नका. त्यात काही वाईट नाही. उत्तर 'होय' असेल, तर आणा. मग मराठीतील त्या एका क्रियापदाचे दोन्ही अर्थ खरे करून दाखवा. प्राणी पाळा आणि त्याला दिलेला शब्दही पाळा.