हत्ती आमचा, चावी त्यांची

‘हाथीट्रस्ट’ हे नाव ऐकून कुणालाही वाटेल, ही वन्यजीवांची संस्था असावी. ती आहे अमेरिकेतल्या विद्यापीठ ग्रंथालयांनी 2008 मध्ये एकत्र येऊन उभी केलेली ना-नफा संस्था. कारभार मिशिगन विद्यापीठातून चालतो. नाव मात्र आपल्या हिंदी-उर्दूतलं घेतलं, कारण हत्ती काही विसरत नाही म्हणतात. सुरुवातीला स्कॅन केलेले वीसेक लाख ग्रंथ होते, 2012 मध्ये एक कोटी झाले, आता 1 कोटी 80 लाखांच्या पुढे गेलेत. सभासद ग्रंथालयं दोनशेहून जास्त. दरवर्षीचा आढावा निघतो आणि आकडा चढलेलाच असतो.

कौतुक मलाही आहे. लेखकांच्या संघटनेनं खटला भरला तेव्हा ही मंडळी डगमगली नाहीत. 2014 मध्ये अपील न्यायालयानं अंध वाचकांना पूर्ण पुस्तक देण्याची त्यांची पद्धत वैध ठरवली. माझं भांडण आहे ते त्या चढत्या आकड्याशी, कारण त्यात आपली पुस्तकंही मोजली जातात.

ती तिकडे गेली कशी? पीएल-480 चा गहू जुन्या लोकांना आठवत असेल. त्या गव्हाची किंमत भारतानं रुपयांत चुकवली आणि त्यातल्या काही रुपयांतून अमेरिकेनं इथलीच पुस्तकं विकत घेतली. 1962 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत कार्यालय उघडलं. मराठी, उर्दू, तमिळ, बंगाली, जे छापलं जाईल ते बोटीनं अमेरिकी विद्यापीठांत जाऊ लागलं. पुढं त्याच कपाटांतली पुस्तकं गूगलनं स्कॅन केली. म्हणजे पैसा आपल्या रेशनच्या रांगेतला, अक्षरं आपली, आणि आज उघडायला गेलं तर समोर पाटी: फक्त शोधता येईल, वाचता येणार नाही.

हयात लेखकांचा हक्क मला मान्य आहे. पण अल्ताफ हुसेन हाली 1914 मध्ये वारले, हरि नारायण आपटे 1919 मध्ये. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो. हाथीट्रस्टचं यंत्र आधी बघतं छपाईचं साल. हालींच्या पुस्तकाची आवृत्ती 1965 ची असली की ते बंद! (संपादकाच्या नव्या प्रस्तावनेचा हक्क वेगळा, तेवढी पानं झाका.) त्यातही अमेरिकेबाहेरच्या वाचकाला आणखी जुन्या सालाची अट. म्हणजे मुंबईत छापलेलं एखादं पुस्तक मिशिगनमध्ये उघडेल, भिवंडीत उघडणार नाही.

शिवाय बहुतेक नोंदी रोमन लिपीत, अक्षरांच्या वर-खाली टिंबं आणि रेघा देऊन केलेल्या. माझ्या वर्गातली आठवीची मुलगी ‘हाली’ उर्दू लिपीत लिहील, ‘आपटे’ देवनागरीत. तिला ती नोंद सापडायची कशी?

कुणी म्हणेल, त्यांनी जपली म्हणून उरली, इथं वाळवीनं खाल्ली असती. खरं आहे. पण जपणारा मालक होत नाही, आणि हालींच्या शब्दांवर तर आता कुणाचीच मालकी नाही. बरं, हे काम अशक्य आहे असंही नाही. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या पुस्तकांसाठी लेखकाचं मृत्यूचं साल शोधून, एकेक पुस्तक माणसांनी तपासून मोकळं करण्याचा उपक्रम याच संस्थेच्या ग्रंथालयांनी चालवला. मग मराठी-उर्दूलाही तोच न्याय लावा. पुढच्या वर्षीच्या आढाव्यात किती पुस्तकं भरली याच्या शेजारी, ज्या देशाची ती आहेत तिथल्या वाचकाला त्यातली किती उघडली, हाही आकडा छापा.

आपल्या घरचं काय, हेही विचारायला हवं. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ओहायोत 54 महाविद्यालयांनी सामायिक ग्रंथसूचीसाठी ओसीएलसी सुरू केली. 1971 पासून ती सूची संगणकावर आहे. आपली अनुदानित ग्रंथालयं दहा हजारांच्या वर. त्यातलं एखादं जुनं उर्दू पुस्तक मालेगावात आहे की परभणीत, हे मोबाईलवर शोधून दाखवा. मागणी करायची तर ती आपल्या विद्यापीठांनी करायला हवी, आणि ती रिकाम्या हातांनी करू नये. मृत लेखकांची यादी सोबत द्यावी. मराठीपुरतं तर हे काम निम्मं झालेलंच आहे: मराठी विश्वकोशाच्या नोंदींत लेखकाच्या नावापुढं जन्म-मृत्यूच्या तारखा कंसात छापलेल्या असतात.