आपल्या बाजूची कोठडी

‘व्ही फॉर व्हेंडेटा’ आवडलेल्या कुणालाही विचारा, चित्रपटातलं सगळ्यात भिडलेलं काय? उत्तरं ठरलेली असतात. पार्लमेंटचा स्फोट. डॉमिनोच्या सोंगट्या. मुखवटे चढवून चालत आलेली लंडनची गर्दी. आणि हमखास, गच्चीवर भर पावसात हात वर करून उभी राहिलेली नायिका एव्ही. भीती संपली तो क्षण, असं लोक सांगतात. सांगताना अंगावर काटा आल्याचंही सांगतात.

त्या पावसाच्या जरा आधी काय घडलं, ते मात्र क्वचितच कुणी आपणहून बोलतं. एव्हीला पकडून नेलेलं असतं. डोक्यावर काळी पिशवी. मग अंधारी कोठडी. तोंडावर प्रखर उजेड आणि त्या उजेडामागे चेहरा न दिसणारा चौकशी अधिकारी. त्याला एकच हवं असतं, व्ही या मुखवटाधारी बंडखोराचा ठावठिकाणा. तिचे केस उतरवले जातात. एव्ही साकारणाऱ्या नताली पोर्टमनचं डोकं तेव्हा कॅमेऱ्यासमोर खरोखरच भादरलं होतं. म्हणूनच तो प्रसंग पाहवत नाही. शेवटी निवड समोर येते. माहिती दे, नाहीतर गोळी. ती मरण पत्करते. तेव्हा तिला सांगितलं जातं की आता तू मोकळी आहेस. दार उघडंच असतं. बाहेर येऊन पाहते तर समोर व्हीचं घर.

कोठडी सरकारची नव्हतीच. चौकशी करणारा व्ही होता. केस उतरवणारा व्ही होता. गोळीची धमकी देणाराही व्हीच होता.

आता प्रेक्षकाच्या मनात काय होतं ते पाहा. दार उघडेपर्यंत त्याच्या मनात त्या तुरुंगाबद्दल निखळ संताप असतो. जो कुणी हे करतोय तो राक्षस आहे, याबद्दल त्याला जराही शंका नसते. दार उघडतं आणि काही मिनिटांत तो संताप ओसरतो. भिंती त्याच. वस्तरा तोच. शरीर तेच, छळ तोच. बदलला तो फक्त कोठडीचा मालक. तो आपला निघाला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, एवढ्या एका न्यायावर निकाल फिरतो.

ही किरकोळ गोष्ट नाही. हा चित्रपट ज्या सत्तेविरुद्ध उभा आहे, तिचा मुख्य गुन्हाच हा आहे. माणसांना उचलायचं, कोंडायचं, मोडायचं. सरकारच्या लार्कहिल छावणीत व्हीच्या बाबतीत हेच झालं. तिथल्याच कैदी व्हॅलरीच्या बाबतीत हेच झालं. छावणी हा गुन्हा असेल, तर ही कोठडीही गुन्हाच आहे. तिथे नाव एव्हीचं आहे आणि किल्ली व्हीकडे आहे, एवढ्याने गुन्ह्याची जात बदलत नाही.

या प्रसंगाची बाजू घेणारे चार मुद्दे मांडतात. ते नीट तपासायला हवेत, कारण पडद्याबाहेरही हेच चार मुद्दे कामी येतात.

पहिला, त्याने हे तिच्या भल्यासाठी केलं. तिलाच भीतीशिवाय जगायचं होतं. खरंच आहे, तिने तसं म्हटलं होतं. पण भल्यासाठी केलं, असं कोण म्हणत नाही? त्या सत्तेचा प्रमुख चॅन्सेलर सटलरही हेच म्हणतो. देश रोगराईतून, अनागोंदीतून वाचवला, हा त्याचा दावा आहे. लार्कहिलच्या डॉक्टर सरिज आठवा. माणसांवर प्रयोग करताना मानवजातीच्या भल्याचीच आशा त्यांच्या मनात होती, असं त्या स्वतः सांगतात. व्ही त्यांना त्यासाठी विष देतो आणि प्रेक्षकाला ते न्याय्य वाटतं. मग चांगल्या हेतूने एका जिवंत मुलीवर प्रयोग करणाऱ्या व्हीला वेगळं माप का? डॉक्टरीणबाईंनी पुढे निदान पश्चात्ताप केला. व्हीला याहून सोपा मार्ग नसल्याचं वाईट वाटतं, मार्ग चुकला असं वाटत नाही.

दुसरा मुद्दा परिणामाचा. एव्ही निर्भय झाली ना? झाली, कारण लेखकाने तसं लिहिलं. गोष्ट रचणाऱ्याच्या हातात शेवट असतो. खऱ्या कोठडीत माणसं मोडतात. खोट्या कबुल्या देतात, निरपराधांची नावं घेतात, सुटल्यावर वर्षानुवर्षं झोपू शकत नाहीत. छळाने माणूस घडतो, ही समजूत छळ करणाऱ्यांच्या फार सोयीची आहे. प्रत्येक हुकूमशहाला ती हवीच असते. हुकूमशाहीविरुद्धच्या चित्रपटाने ती त्याच्या हाती आयती द्यावी, ही यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट आहे.

तिसरा, एव्हीनेच त्याला माफ केलं, मग आपण कोण बोलणार? माफी देण्याचा हक्क तिचा, हे मान्य. पण तिच्या माफीने त्या कृत्याला आपला होकार मिळत नाही. शिवाय प्रेक्षकाला इथे एक गोष्ट सोयीस्करपणे आठवत नाही. सगळं कळल्यावर एव्ही आधी संतापते, कोसळते, तिला श्वास घेता येत नाही. आणि पावसाचा प्रसंग झाल्यावर ती व्हीचं घर सोडून निघून जाते. परत येते ती त्याने मागितलेल्या शेवटच्या भेटीपुरती. चित्रपटाने तिला निघून जाऊ दिलं, हा त्याचा प्रामाणिकपणा. चाहत्यांच्या बोलण्यात मात्र ती कायम पावसातच उभी असते. तिचं निघून जाणं कुणाच्या लक्षात राहत नाही.

चौथा मुद्दा सगळ्यात हुशारीचा. हे रूपक आहे, शब्दशः घेऊ नका. ठीक. मग लार्कहिलही रूपकच आहे. ते आपण शब्दशः घेतो आणि घ्यायलाच हवं, कारण तशा छावण्या युरोपात होत्या. सत्तेची कोठडी खरी आणि बंडखोराची कोठडी प्रतीकात्मक, ही वाटणी कुणी केली? ती आपणच करतो. आपल्या बाजूच्या माणसाने काही भयंकर केलं, की ते एकदम प्रतीक होऊन बसतं.

दोष सगळा प्रेक्षकाचा नाही. चित्रपटानेच त्याला तिकडे वळवलं आहे. दिग्दर्शक जेम्स मॅकटीग यांनी पावसातल्या एव्हीला लार्कहिलच्या आगीतून बाहेर पडणाऱ्या व्हीशी जोडलं. इकडे ती हात वर करते, तिकडे तो. इकडे पाणी, तिकडे ज्वाळा. दृश्य देखणं आहे यात शंका नाही. पण त्या जोडणीत एक माणूस गाळला गेला आहे. व्हीला आगीपर्यंत सत्तेने नेलं. एव्हीला पावसापर्यंत व्हीने नेलं. दोन प्रतिमा शेजारी ठेवल्या की दोघंही सारखेच पीडित दिसतात. त्यातल्या एकाने दुसरीला पीडित केलं, हे दिसेनासं होतं. प्रेक्षक भारावतो तो नेमका इथे, आणि प्रश्न विचारणं विसरतो तोही इथेच.

मूळ चित्रकथा इतकी घाई करत नव्हती. अॅलन मूर आणि डेव्हिड लॉइड यांनी ती १९८२मध्ये ‘वॉरियर’ मासिकात सुरू केली, तेव्हा ब्रिटनमध्ये थॅचरबाईंचं राज्य होतं. कोठडीचा प्रसंग तिथेही आहे. पण व्ही बरोबर की वेडा, याचा निवाडा वाचकाने करावा, अशी मूर यांची भूमिका होती आणि त्यांनी ती उघडपणे मांडली. २००६मध्ये पडद्यावर आलेल्या व्हीबद्दल हा प्रश्न फारसा उरत नाही. त्याला प्रेम मिळतं, हौतात्म्य मिळतं, फुलांनी सजवलेला अंत्यप्रवास मिळतो. मूर यांनी तर चित्रपटाला आपलं नावच देऊ दिलं नाही.

या प्रसंगावर इतकं बोलायचं कारण, व्हीचा मुखवटा पडद्यावर थांबला नाही. २००८मध्ये ‘अॅनॉनिमस’वाल्यांनी तो सायंटॉलॉजीविरुद्ध रस्त्यावर आणला. २०११मध्ये तो वॉल स्ट्रीटच्या आंदोलनात होता. जून २०१२मध्ये इंटरनेटवरच्या निर्बंधांविरुद्ध मुंबईच्या आझाद मैदानावर तरुण तो घालून जमले. २०१३मध्ये बहारीनने त्याच्या आयातीवरच बंदी घातली. यातली बहुतेक माणसं निःशस्त्र होती आणि अनेकांच्या तक्रारी रास्त होत्या. ज्या राजवटीत चेहरा दाखवणं म्हणजे तुरुंग, तिथे मुखवटा ही गरज आहे. त्यांना नावं ठेवण्याचं काही कारण नाही. पण ज्याचा चेहरा आपण आपला म्हणून चढवतो, त्याच्या तळघरात काय होतं, हे ठाऊक असायला हवं. ठाऊक असूनही त्यावर पांघरूण घालणं हे तर त्याहून वाईट.

कारण बंडखोरांच्या कोठड्या केवळ चित्रकथेत नसतात. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्धचा लढा न्याय्य होता, याबद्दल आज दुमत नाही. त्याच लढ्यात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने अंगोलामध्ये ‘क्वात्रो’ नावाची छावणी चालवली. तिथे कोंडलेले बरेच जण तिचेच कार्यकर्ते होते. हेर असल्याचा संशय एवढंच कारण पुरे असे. खटला नाही, मुदत नाही, मारहाण आणि छळ मात्र होता. लढ्यासाठी, शिस्तीसाठी, सुरक्षेसाठी हे आवश्यक होतं, असं तेव्हाही सांगितलं गेलं.

फरक पुढे पडला. १९९२मध्ये संघटनेच्या स्वतःच्या चौकशीचा अहवाल आला. मंडेलांनी तो जाहीर केला, जबाबदारी झटकली नाही. १९९३मध्ये आणखी एक चौकशी झाली. १९९८मध्ये सत्य आणि सलोखा आयोगाने वर्णद्वेषी सरकारच्या अत्याचारांबरोबर मुक्तिसंघटनांचे अत्याचारही नोंदवले. तोवर सत्तेवर आलेल्या याच आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने अहवाल रोखण्यासाठी कोर्टात धाव घेतली. कोर्टाने ती मागणी फेटाळली. आयोगाचे अध्यक्ष डेस्मंड टुटू स्वतः वर्णद्वेषाविरुद्ध लढलेले. पण एक जुलूम संपवला तो त्याच्या जागी दुसरा आणण्यासाठी नव्हे, अशी भूमिका घेऊन ते ठाम राहिले. अहवाल मंडेलांच्या हाती दिला गेला आणि त्यांनी तो स्वीकारला.

मुखवट्याची गरज न पडलेलं हे धैर्य. शत्रूच्या तुरुंगाविरुद्ध बोलायला हिंमत लागते. आपल्या माणसाच्या तुरुंगाविरुद्ध बोलायला त्याहून जास्त लागते, कारण तिथे टाळ्या मिळत नाहीत, फितुरीचा शिक्का मिळतो. चळवळ भ्रष्ट व्हायला नेमकी इथेच सुरुवात होते. आत्ता नको, आधी शत्रूला हरवू, हिशेब नंतर करू. तो नंतरचा दिवस आपोआप कधीच उजाडत नाही. कुणीतरी टुटूंसारखं अडून बसावं लागतं.

म्हणून हा चित्रपट आवडला म्हणणाऱ्यांकडे एवढंच मागणं आहे. तो जरूर आवडू द्या. व्हॅलरीचं कोठडीतलं, चिठोऱ्यावरचं पत्र मनाला लागतं, ते लागलंच पाहिजे. भेदरलेल्या देशाने एका रात्री रस्त्यावर यावं आणि सैनिकांच्या बंदुका खाली याव्यात, हे स्वप्न पाहण्यात काही गैर नाही. पण कोठडीचा प्रसंग आला की चौकशी करणारा कोण आहे हे विसरून तो पाहा. मालकाचं नाव पुसा आणि जे चाललंय ते मान्य आहे का, हे स्वतःला विचारा. उत्तर नाही असेल, तर दार उघडल्यावरही ते नाहीच राहिलं पाहिजे.

ते बदलत असेल, तर जुलमाविरुद्ध आपण नाहीच. आपण फक्त सटलरविरुद्ध आहोत. त्याची खुर्ची रिकामी झाली आणि आपल्या आवडीचा माणूस तिथे बसला, की आपली तक्रार मिटेल. कोठडी मात्र तिथेच राहील, आणि या वेळी तिला आपली संमती असेल.